दुपारच्या पाळीचा जोडीदार

माणसं आपल्या आयुष्याचं लिहायला बसली की पोरपण आधी घालतात आणि म्हातारपण शेवटाला. माझं उलटं झालं, त्याला माझा इलाज नाही. माढ्याकडच्या गावातून बापानं मला सोलापुरात आणलं आणि कारखान्यात कांड्या भरायला बसवलं, तेव्हा माझी चौथी अर्धी राहिली होती. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची नळी. ती भरायला लहान बोटं बरी पडतात. बोटं मोठी झाली तसा मागावर गेलो, आणि मग टॉवेल, चादरी, परत टॉवेल, असं करता करता डोकं पांढरं झालं. मधे लग्न झालं, पोरगा झाला, बायको गेली, ते मी मागं लिहिलं आहे. खेळ तेवढा कुठं आला नाही. तो आला तेव्हा माझे दात पडायला लागले होते. हरलं की चिडायचं, खेळापायी जेवण विसरायचं, दोस्ताशी अबोला धरायचा आणि त्याच्यावाचून करमत नाही म्हणून आपणच परत जायचं, हे सगळं लोकांनी दहाव्या वर्षी केलं ते मी साठी उलटल्यावर केलं. ज्यांना हसायचं त्यांनी हसावं. मी त्याला पोरपणच म्हणतो. ते संपलं असं मात्र नीट म्हणता येत नाही, म्हणून तर लिहायला बसलो.

सगळीकडं कुलूप लागलं ते वर्ष. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले कारखाने बंद, आणि आमच्या गल्लीत तर घरोघरी माग, तेही बंद. जन्मभर कानावर खटखट पडलेल्या माणसाला शांतता काय असते ते ठाऊक नसतं. पहिल्या सकाळी मी दचकून उठलो, वाटलं गल्लीत कोणीतरी गेलं. मग दोन दिवसांनी माझ्या डोक्यात माग सुरू झाला. बाहेर चिटपाखरू नाही आणि आत खटक खट, खटक खट. मागावरच्या माणसाचे कान जातात हे सगळ्यांना माहीत आहे. पण कान गेले तरी त्यांतला आवाज जात नाही, हे कोणी सांगत नाही. माझा पोरगा दत्ता कानाचं मशीन आणू म्हणाला. मी म्हणालो, मला ऐकू येतंय, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलताय. सून सुरेखा भाकरी, शेंगाची चटणी आणि वाटीत हुलग्याचं माडगं वाढायची आणि काहीतरी बोलायची. तिचे ओठ हलताना दिसायचे. काय म्हणते ते मी विचारत नसे. विचारलं की म्हातारा झालो असं होतं.

दत्ता दिवसभर भिंतीला टेकून फोनवर गोळ्या झाडत बसायचा. एक दिवस त्यानं, वैतागून की गंमत म्हणून देव जाणे, स्वतःच्या कानातल्या वायरी काढून माझ्या कानांत घातल्या आणि आवाज पुरा सोडला. मला पावलं ऐकू आली. वाळल्या गवतातून कोणीतरी येत होतं, आणि ते डावीकडनं येत होतं हे मला डाव्या कानानं कळलं. कित्येक वर्षांत मला असं काही कळलं नव्हतं. मी फोन त्याच्या हातातून घेतला तो परत दिला नाही. त्याला दुसरा आणावा लागला, आणि सुरेखानं त्यावरून जे काय सुनावलं ते मला ऐकू आलं नाही, ही एक बरी गोष्ट.

आता राजेशमचं सांगतो. तो माझा जोडीदार. आमच्यात एका मागाला दोन माणसं असतात, एक दिवसपाळीचा, एक रातपाळीचा, आठवड्यानं उलट. चौदा नंबरचा माग आम्ही दोघांनी इतकी वर्षं चालवला, पण आमचं बोलणं व्हायचं ते पाळी बदलताना, तेही हाताच्या खुणांनी, कारण शेडमध्ये बोललेलं कोणाला ऐकू येत नाही. तरी माणूस मला पाठ होता. त्यानं माग कसा सोडला यावरून घरी भांडण झालंय की पोट बिघडलंय हे मी ओळखायचो. शेडचा एक रिवाज होता: पाळी बदलताना माग थांबवायचा नाही. येणाऱ्यानं शेजारी उभं राहून चालत्या मागावर हात ठेवायचा, मग जाणाऱ्यानं आपला हात काढायचा. बंद माग जोडीदाराच्या हवाली करणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. राजेशम तेलुगू, पद्मशाली घरातला. हडकुळा, देवभोळा, हात जोडल्याशिवाय मागाला न शिवणारा. त्याची बायको सत्तव्वा, आमची वैनी, जन्मभर दारात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली. त्यांच्याकडं चिंचेचा भात झाला की एक डबा आमच्याकडं यायचा, आणि डबा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून सुरेखा त्यात शेंगाची चटणी घालायची. दोन गल्ल्यांचं अंतर, तेवढंच आमचं येणंजाणं.

राजेशमला त्याच्या भिवंडीच्या लेकीनं फोन घेऊन दिला होता. मी त्यात खेळ घालून द्यायला गेलो तर तो म्हणाला, "मारुती, मी माणूस मारणार न्हाई."

मी म्हणालो, "माणूस कुटला, चित्र हाय ते."

"चित्राला पाय हायेत की. पळतंय की ते जीव घेऊन."

पण रिकामा माग जसा माणसाला खातो तसे रिकामे हात खातात. चार दिवसांत तोही खेळायला लागला. आम्ही खेळ सगळ्या जातीचे करून बघितले, आणि मी जे कारखान्यात शिकलो ते तिथं कामाला आलं. मला लिहिता-वाचता बेताचं येतं, पण माणसाला कामाला कसं जुंपतात हे मला कोणी शिकवू नये. बेटावरचा एक खेळ होता. शंभर माणसं विमानातून उड्या टाकतात, खाली सापडेल ते हत्यार उचलायचं, शेवटी उरेल तो जिंकला, बाकीच्यांना काही नाही. मी दत्ताला म्हणालो, ही तर लॉटरी. तो म्हणाला, म्हणूनच सोडवत नाही आप्पा, दर खेपेला वाटतं थोडक्यात गेलं. ते मला पटलं. थोडक्यात गेलं, एवढ्या दोन शब्दांवर माणूस जन्म काढतो. माझा बाप काढून गेला. दुसऱ्या एका खेळात मेलं की लगेच उठून उभं राहायचं, आणि एकेक माणूस पाडला की पडद्यावर घंटा, आकडे, पदकं. तो सरळ विणलेल्या मीटरवर पैसे देणाऱ्या मालकाचा खेळ. मान वर करायची सोय नाही. आठवडाभर मी त्यात असा होतो की भाकरीचा तुकडा मोडताना बोटं चाप ओढत होती, आणि शेवटी हाती काय लागलं ते सांगता आलं नसतं.

पाच जणांविरुद्ध पाच असाही एक होता. त्यात बक्षीस म्हणजे दर्जा. जिंकलात तर एक पायरी वर, हरलात तर खाली, आणि चार दिवस फिरकला नाहीत तरी खालीच. देणं थोडं आणि काढून घ्यायची भीती मोठी, अगदी आमच्या जुन्या मुकादमासारखं. मला तो खेळ आवडला, मला दर्जा आवडतो, खोटं कशाला सांगू. पण त्यात एकदा मेलं की डाव संपेपर्यंत नुसतं बघत बसायचं असायचं, आपली माणसं कशी मरतात ते. राजेशमला ते सोसेना. म्हणाला, मेल्यावर गप बसून बघत ऱ्हायचं, ह्याला खेळ म्हंत्यात व्हय, आणि फोन उपडा घालून ठेवला.

मग सापडला तो चौघांचा. चार जणांची टोळी. गोळी लागली की माणूस लगेच मरत नाही, गुडघ्यावर येतो, रांगतो. तेवढ्यात जोडीदारानं येऊन त्याच्यावर हात धरला तर तो उठतो. उठवल्याचे गुण मिळतात, पण मारल्याच्या मानानं फारच थोडे. वर रोजच्या हजेरीच्या पेट्या, सकाळी एक, दुपारी एक. रोज आलात तर पेटी मोठी होत जाते, एक दिवस चुकला की पहिल्यापासून. हजेरी बोनस, दुसरं काय. पेटीत टोप्या, बूट, नाना रंगाचे शर्ट निघायचे. राजेशम तिथं रमला. तो कोणाला मारायचाच नाही. पडलेल्यांकडं पळत जायचा, गोळ्या खात उठवायचा, मग स्वतः पडायचा. मी ओरडायचो, अरे फुकट मरतोयस, त्याचं काय मिळतंय तुला. तो म्हणायचा, उठलं की ते पोरगं "थँक्यू अंकल" म्हंतंय की.

आणि इथं आम्ही ती चूक केली जी माग चालवणारेच करतील. ज्याचं त्याचं खातं निराळं असतं त्या खेळात, ज्याची त्याची आयडी. राजेशम म्हणाला, दोघांच्या दोन हजेऱ्या कशाला, एकच माग दोन पाळ्यांत चालवू. मग आम्ही एकच आयडी ठेवली आणि तिचं नाव ठेवलं चौदा नंबर. सकाळची पाळी माझी, बारानंतर त्याची. दत्ता पोट धरून हसला. एक आयडी दोन फोनवर एकदम चालत नाही. दुसऱ्या फोनवर उघडली की पहिल्यावाल्याला खेळ बाहेर काढतो, लढाई चालू असली तरी. पडद्यावर एवढंच येतं, तुमचं खातं दुसरीकडं उघडलं आहे. दत्ताला तो मोडता वाटला. आम्हाला तो हात बदलणं वाटला. मी झुडपाआड बसून नेम धरलेला असायचो, बाराच्या सुमाराला पडदा काळा व्हायचा, मी समजायचो, राजेशमनं मागावर हात ठेवला. मी फोन खाली ठेवायचो आणि जेवायला बसायचो. आमचा माग थांबत नव्हता.

खेळाला वाटत असणार की हा कोणी एक न दमणारा माणूस आहे. पेट्या येत होत्या, दर्जा चढत होता. आमची भांडणं झाली ती शर्टावरून. मी आमच्या खेळातल्या गड्याला पलटणीचा पोशाख घालायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडावं तर गडी फुलाफुलांचा शर्ट घालून उभा. मी तो काढायचो, तो परत घालायचा. त्यावरून मी एकदा तीन दिवस त्याच्याशी बोललो नाही. बोललो नाही म्हणजे काय, आमचं बोलणं होतंच कुठं. तरी तीन दिवस बोललो नाही, आणि त्याला ते कळलं. चौथ्या दिवशी गडी पलटणीच्या पोशाखात होता, डोक्यावर मात्र फुलाची टोपी. आज हे लिहिताना हसू येतं, आणि लगेच पुढं काय लिहायचं आहे ते आठवून हात थांबतो.

राजेशमला ताप आला आणि त्याला घेऊन गेले. त्याच्या गल्लीच्या तोंडाला बांबू आडवे बांधले. दवाखान्यात कोणाला सोडत नव्हते, वैनीलासुद्धा नाही. लेक भिवंडीत अडकलेली. दवाखान्यात फोन कधी लागायचा, कधी नाही. लागला तरी हॅलो म्हणणारा कोण, काय म्हणतोय, काही पत्ता नाही. वैनी दारात बसून होती आणि सूप रिकामं होतं, विड्यांचा कारखानाही बंदच. मी सकाळी माझी पाळी सुरू केली, दुसरं काय करणार. बारा वाजले आणि मला बाहेर काढलं.

पहिल्यांदा काही सुचलंच नाही. मग चपला न घालता निघालो. बांबूपाशी उभा राहून वैनीला हाक मारली आणि सांगितलं, आत्ता आयडी उघडली त्यानं, मला बाहेर फेकलं, म्हणजे तो हाय. जागा हाय. हातात फोन धरतोय. वैनी उठून उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तो खेळत नव्हता. फक्त उघडायचा, मला बाहेर काढायचा आणि बंद करायचा. बोलायला दम नसणार, बोट हलवण्याएवढंच बळ असणार. पण वेळ चुकवली नाही. रोज बारा वाजता मी बांबूपाशी जायचो, ती दारात उभीच असायची. बोलायचीही गरज उरली नाही. आमची शेडमधली खूण, माग चालू आहे याची, हात वर करून मूठ हलवायची. विणकराची बायको, तिला ती ठाऊक होती. मी मूठ हलवायचो, ती पदर डोक्यावर घ्यायची आणि आत जायची. त्या दिवसांत माझ्याएवढं मोठं बक्षीस कोणाला कुठल्या खेळात मिळालं नसेल. हरत असायचो, जिंकत असायचो, नजर सगळी घड्याळावर. कधी मला हाकलतात याची वाट बघत बसलेला मी जगातला एकच खेळाडू असेन.

मग एक दिवस बारा वाजून गेले आणि मी आतच राहिलो. वाटलं, झोप लागली असेल. एक वाजला. मी डाव संपवला, दुसरा लावला, तोही संपला. दत्ता येऊन शेजारी बसला. तीनच्या पुढं मी बांबूपर्यंत गेलो. वैनी दारात उभी होती. मी हात वर केला नाही. ती पदर न घेता आत गेली. संध्याकाळी दवाखान्याचा निरोप आला. त्याला आणलं नाही, आम्हाला बोलावलं नाही, कोणी पाणी पाजलं, कोणी उचललं, काही कळलं नाही. मी त्याला मेलेला बघितलेला नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढचं त्यावाचून समजायचं नाही.

मी हट्टी माणूस आहे. दत्ता म्हणाला, आप्पा, थोडे दिवस ठेवून द्या तो फोन. मी म्हणालो, जोडीदार आल्याशिवाय माग सोडत नसतात. मी सकाळी बसायचो आणि दुपारीही बसून राहायचो, दोन्ही पाळ्या ओढत. दुपारी खेळायचो नाही. गड्याला नुसता उभा करायचो, कोणीतरी येऊन मारायचं, मी परत उभा करायचो. कानात वायरी असायच्या. पावलं यायची, जायची. प्रत्येक पावलाला वाटायचं, हा तो. वेड लागायची पाळी आली होती, आणि माझं मलाच ते दिसत होतं.

गल्लीतले बांबू काढले, एकेका घरात माग परत सुरू झाले. अशाच एका दुपारी, बाराच्या ठोक्याला, पडदा काळा झाला. तुमचं खातं दुसरीकडं उघडलं आहे.

मी फोन भुईवर ठेवला आणि भिंतीपर्यंत मागं सरकलो. सुरेखा पाणी घेऊन आली, तिला वाटलं मला काही चावलं. दुसऱ्या सकाळी उघडलं तर गड्याच्या अंगात फुलाफुलांचा शर्ट. आणि त्या दुपारी परत बारा वाजता मला बाहेर काढलं.

दत्ताला सांगावंच लागलं. तो म्हणाला, चोर हाय आप्पा. जुन्या, चढलेल्या आयडी हेरून चोरतात आणि विकतात. त्याच्या मित्राची अशीच गेली होती. आत्ताच्या आत्ता पासवर्ड बदला, म्हणजे तो परत शिरणार न्हाई. मी फोन छातीशी धरला. पासवर्ड बदलला आणि चोर नसला तर? तर मी माझ्या हातानं दुपारची पाळी बंद करणार होतो, कायमची. हे दत्ताला कसं सांगायचं. चोर असेल तर असू दे, म्हणालो, पर खात्री झाल्याबिगर मी दार लावणार न्हाई. आणि एक गोष्ट मला खटकत होती. हजेरीच्या पेट्या. त्या दुपारच्या पाळीतल्या पेट्या तशाच न उघडलेल्या साठत चालल्या होत्या. ज्या पेटीसाठी पोरं वेळेवर येतात, ती समोर लुकलुकत असताना न उघडणारा चोर मी तरी बघितलेला नाही.

मग मी दत्ताच्या फोनवर नवी आयडी काढायला लावली आणि दुपारी चौदा नंबरला टोळीत बोलावणं पाठवलं. बोलावणं लगेच घेतलं गेलं. खेळ सुरू होण्याआधी चौघं ओळीनं उभे करतात. मी माझ्याच गड्याच्या शेजारी परका होऊन उभा होतो. खाली उतरलो. चौदा नंबर चालताना झाडांना धडकत होता, भिंतीत तोंड खुपसून उभा राहत होता. बंदूक त्यानं उचललीच नाही. मी मुद्दाम टेकडीखाली उघड्यावर गेलो, गोळी लागली, गुडघ्यावर आलो. टोळीतले बाकीचे दोघं पळून गेले, शहाणे होते. आणि फुलाफुलांचा शर्ट घातलेला तो, सगळ्या बाजूनं गोळ्या येत असताना, वाकडातिकडा पळत माझ्याकडं आला. हुबेहूब राजेशम. माझ्यावर हात धरून थांबला. तेवढ्यात कानात आवाज आला. फोनचा माईक राजेशमनं कधीतरी उघडा ठेवला असणार, तो तसाच होता. आधी कात्रीचा आवाज, विडीसाठी टेंभुर्णीच्या पानाची कतरण पडते तसा, आणि मग पुटपुटणं, एकाच सुरात, लेकराला थोपटावं तसं: "लेव्वू... लेव्वू..."

तेलुगू मला एवढी येते. ऊठ, ऊठ.

मी उठलो. खेळातला उठला तो, आणि मीही. वैनीच्या दारात गेलो तेव्हा तिच्या मांडीवर सूप होतं आणि पानांखाली काहीतरी उजेड देत होतं. तिनं पानं त्यावर ओढली.

"वैनी, दुपारी खेळतंय कोण?"

"कोण न्हाई."

"मला आत्ता उचललं. टेकडीखाली."

तिनं वर बघितलं. "ते तुमी व्हता?" मग तिनं एक पान हातात फिरवलं. म्हणाली, "मला मारायचं येत न्हाई, अन्ना. कुटलं बटण काय, म्हाईत न्हाई. ह्यांनी एकदा दाखवलं व्हतं, हिरवं बटण आलं की दाबायचं, मग पडलेल्याजवळ गेलं की हाताचं चित्र येतंय, ते दाबायचं. तेवढं येतंय."

मी पेट्यांचं विचारलं, बक्षिसाच्या त्या, उघडल्या का नाहीत. तिला त्या काय ते ठाऊकच नव्हतं. काहीतरी लुकलुकतं म्हणून ती बोट लांब ठेवायची. शर्टाचं मात्र तिला ठाऊक होतं. तो ह्यांच्या आवडीचा, तेवढा शोधून घातला, म्हणाली. दवाखान्यातून पिशवीत घालून जे सामान आलं त्यात फोन होता, चष्मा होता. फोन चार्जिंगला लावून ठेवला आणि बारा वाजता खेळ उघडला.

"पण उघडला कशाला?"

आत भाताचं झाकण वाजत होतं. ती उठली नाही. "तुमी तितं बांबूपाशी येऊन सांगायचा, फेकलं, म्हंजे हाय. मग ते थांबलं. माझं थांबलं ते थांबलं. पर मला वाटलं, तुमी एकटं बसला असशीला. पाळी बदलायला कुणी न्हाई." सुपातली पानं सारखी करत म्हणाली, "तितं ह्यांना उठवायला कुणी व्हतं का न्हाई, देवाला म्हाईत. हितं पडलेलं बघवत न्हाई."

मग तीच म्हणाली की उद्यापासून नाही उघडत, लोक काय म्हणतील, नवरा गेला आणि बाई बंदुकीचे खेळ खेळतीय. आणि फोन माझ्यापुढं सरकवला. मी तो हातात घेतला नाही. मी जन्मात कोणाची विनवणी केलेली नाही, मालकाचीही नाही. त्या दिवशी केली.

"पाळी धरलीया तुमी, वैनी. धरलेली पाळी सोडता येत न्हाई."

ती हसली, अगदी थोडं. "आन मी गेले म्हंजे? मग कोण फेकील तुमाला?"

"माझं वय जास्ती हाय. आदी मी जाणार."

"मग मी कुणाला फेकू?"

तिनं उठून भात उतरवला, चिंचेचाच होता, आणि डबा भरून दिला.

तेव्हापासून असंच चाललं आहे. दत्ता सांगतो की चौदा नंबरचा दर्जा पार तळाला गेला, कारण अर्धा दिवस तो बंदूकच उचलत नाही. टोळीतली पोरं सकाळी मला शिव्या देतात आणि दुपारी, वैनी म्हणते, थँक्यू म्हणतात. खेळात नव्या पेट्या आल्या, नव्या बंदुका आल्या. माणसाला धरून ठेवायची त्यांची अक्कल वाढतच आहे. मला त्यांची गंमत वाटते. मला कशानं धरलंय ते त्यांच्या कुठल्या आकड्यात येत नसेल.

वैनीला अलीकडं तंबाखूच्या धुळीनं दमा लागला आहे. उघडायला तिला उशीर होतो. कधी पाच मिनिटं, कधी जास्ती. त्या मिनिटांत मी पुन्हा त्या वर्षात जातो आणि माझ्या डोक्यातला माग सुरू होतो. आज हे लिहायचं म्हणून गड्याला एका पडक्या घराच्या कोपऱ्यात बसवला आहे आणि फोन वहीशेजारी उभा केला आहे. सुरेखा ताट झाकून गेली, मग परत येऊन बघून गेली. बारा वाजून बराच वेळ झाला. बाहेर गल्ली चालू आहे, कानात वायरी आहेत, कोणाचीही पावलं येत नाहीत. मी अजून आतच आहे.